घटात उगवलेली राय

पाव करावा तर मीच! उभ्या नाशकात रायचा पाव भाजणारा दुसरा माणूस दाखवा, मिशी उतरवतो! राय म्हणजे गव्हाचीच चुलतबहीण, थंड मुलखातली. पीठ काळपट, पाव जड, आंबूस आणि आठवडाभर टिकणारा. आमची प्रतिभा म्हणते, तो पहिल्या दिवशीच आठवड्याचा लागतो!

याच पावाच्या जिवावर मी अंबडच्या कंपनीतली नोकरी सोडून मोकळा झालो. आता फक्त जागा हवी होती. ती होती सासूबाईंकडे. द्वारका चौकात, ऐन रस्त्यावर, त्यांचा फुलांचा गाळा!

"यंदा घट कसा उगवतो ते बघू," त्या म्हणाल्या. "आई कौल देईल तसं."

घट बसवायला त्या आमच्याकडेच आल्या. "जावईबापू, गहू तुमच्याच हातानं पेरा. गाळा तुम्हालाच पायजे ना!"

मी पावाचं पीठ मळत होतो. लगबगीनं हात पुसले, डबा उघडला, मूठभर दाणे मातीत पेरले, वर पाणी शिंपडलं. झालं!

चौथ्या माळेला सासूबाई किंचाळल्या. "अगं प्रतिभा! कोंब तांबडे आलेत!"

खरंच! कोंबांवर जांभळट लाली! मी स्वयंपाकघरात धावलो आणि डबे उघडून पाहिले. गव्हाचा डबा होता तस्सा शिगोशीग. मूठ कमी झाली होती ती रायच्या डब्यातली!

बाहेर सासूबाईंनी पाणी पिणंसुद्धा सोडलं. "आईचा कोप हाय! जल्मात असा घट नाय पायला. गाळा देत नाय मी!"

"गप्प बसा," मागोमाग आत आलेली प्रतिभा डबे बघून कुजबुजली. "दोन दिवसांत हिरवे होतील."

"तोवर त्या उपाशी?"

"मग सांगून टाका!"

"सांगितलं तर गाळा जाईल!"

"नाही सांगितलं तर आई जाईल!"

मी घटासमोर हात जोडले, डोळे मिटले आणि ओरडलो, "आई, चूक माझी! ते गहू नाहीत. राय आहे, परदेशी धान्य! त्याचे कोंब असेच लाल असतात!"

सासूबाई घटाजवळ आल्या.

"धान्यच हाय ना?" सासूबाईंनी विचारलं. "खात्यात?"

"हो! पाव करतात, जनावरांना चारा होतो, पेंढ्यानं छपरं शाकारतात." दारूही काढतात, ते मी गिळलं.

त्यांनी वाकून कोंबांवरून हात फिरवला. "थंडीत टिकतं?"

"बर्फात टिकतं!"

सासूबाई गटागटा तांब्याभर पाणी प्यायल्या. "मग कोप कसला? गाळा तुमचा!" कनवटीची किल्ली माझ्या हातात पडली. मी नाचायचाच बाकी होतो!

"आता घरातलं रायचं आख्खं पोतं गाडीत घाला. रब्बीला वाडीत पेरते."

"आई, मला ती दळायचीय!"

"बियाणं दळून खात्यात? येडे का काय, जावईबापू!"

पोतं वाडीवर गेलं आणि दसऱ्याला मी गाळा उघडला. 'रायचा ताजा पाव' अशी ही मोठी पाटी लावली आणि पाटीखाली बसून झेंडू विकू लागलो. अजूनही विकतोय. रोज कुणीतरी विचारतंच, "पाव कधी मिळंल?"

मी म्हणतो, "जरा दम धरा. अजून ओंबी यायचीय!"