काटा आणि गुडघा

भर पावसात उभं राहून "पाऊस नाही" असं ठणकावून सांगणारा माणूस मी एकच पाहिला. ते आमचे आबा. लोणावळ्याच्या शाळेत मी मास्तर होतो आणि आबांच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहत होतो. टोपीवरून पाणी ओघळत असताना ते मला म्हणाले, "मास्तर, हे धुकं आहे. काटा पाऊस म्हणत नाही."

काटा म्हणजे त्यांच्या वायुभारमापकाचा. आबा रेल्वेच्या तारखात्यात होते, तेव्हा विलायतेला परतणाऱ्या कुणा साहेबाकडून त्यांनी हे वाटोळं पितळी यंत्र विकत घेतलं होतं. ओटीवर ते देवांच्या तसबिरींपेक्षा वर टांगलेलं असे. हवेचा दाब उतरला की काटा डावीकडे झुकतो, म्हणजे पाऊस. उजवीकडे गेला की उघडीप. रोज सकाळी आंघोळ करून आबा काचेवर टिचकी मारायचे आणि निकाल जाहीर करायचे. कुणी शंका काढलीच, तर उत्तर ठरलेलं, "मला नका विचारू, यंत्राला विचारा."

आषाढ-श्रावणात लोणावळ्याला पाऊस ओळखायला यंत्र लागत नाही, खिडकी पुरते. आबांचा खरा हंगाम दसऱ्यानंतर, भातं कापणीला आली की सुरू व्हायचा. मळवलीचा धोंडिबा दूध घालायला आला की फाटकातूनच ओरडायचा, "आबा, काय म्हंतंय तुमचं घड्याळ? भात कापू का न्हाई?"

आबांनी निकाल दिला रे दिला की स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा निकाल यायचा. त्यांचं यंत्र म्हणजे त्यांचा दुखरा गुडघा. काटा जे म्हणेल, त्याच्या बरोबर उलट गुडघा म्हणायचा. साहजिकच तो सारखा हरायचा. "तेल चोळ त्याला, बिघडलाय!" असं म्हणून आबा मिशीवर हात फिरवायचे. काकू फणकारायच्या, "तुमचं यंत्र साहेबाचं. त्याला आपल्याकडचा पाऊस काय कळणार?"

मग एका वर्षी काकूंनी अंथरूण धरलं. छातीचं दुखणं होतं आणि त्यातून त्या उठतील असं डॉक्टरांनाही वाटत नव्हतं. जेवण नावापुरतं, बोलणं त्याहून कमी. पण सकाळचा सामना चालू राहिला आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी गुडघा जिंकायला लागला. आबांनी उघडीप सांगावी आणि दुपारी सर यावी, हे नेहमीचंच झालं. बाजारात लोक आबांची टवाळी करू लागले. धोंडिबा तर रोज फाटकातून गळा काढायचा, "आबा, हरलात की ओ! मावशीचा गुडघा लय भारी!" मग आतून काकूंचं खोकल्यात मिसळलेलं हसू ऐकू यायचं.

"आबा, यंत्र मोडीत काढा आता," मीही एकदा म्हणालो. एरवी ते माझ्यावर धावून आले असते. तेव्हा नुसते "बघू" म्हणाले.

एका सकाळी मी वर्तमानपत्र द्यायला त्यांच्या ओटीवर गेलो होतो. आबांनी टिचकी मारली. काटा डावीकडे इतका झुकला होता, की माझ्यासारख्या अडाण्यालाही कळावं. आबांनी आतल्या खोलीकडे तोंड केलं आणि मोठ्याने सांगितलं, "आज कडकडीत ऊन!"

मी तोंड उघडणार, तोच त्यांनी माझा हात घट्ट दाबला.

"गुडघा ठणकतोय," आतून अगदी बारीक आवाज आला. "पाऊस येणार."

"काहीतरीच तुझं!" आबा खेकसले आणि पायऱ्या उतरून फाटकाशी गेले. मीही मागोमाग गेलो. काट्यापुढे प्रत्यक्ष पावसालाही न जुमानणारा हा माणूस रोज सकाळी त्याच काट्याचं खोटं सांगत होता.

फाटकाशी धोंडिबा उभा होता. आबा खालच्या आवाजात म्हणाले, "आज कापू नकोस रे. कालचं कापलेलं आत घे."

"व्हय, आबा. उद्या हरलात म्हून वरडतोच."

"जरा मोठ्यानं ओरड," आबा म्हणाले. "काल तिला नीट ऐकू गेलं नाही."