खटक्याचं कुलूप

कुलूपवाले काका तीस वर्षं कुलपं विकत होते, तेव्हा परदेशी निघालेल्या बॅगेला कोणतं कुलूप लावायचं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी लेकीने फोनवर शिकवलंच. "बाबा, विमानतळवाल्यांकडे ज्याची किल्ली असते ना, तसलं घ्या."

"दुसऱ्याकडे किल्ली असते त्याला कुलूप म्हणत नाहीत, बाळ," काका म्हणाले आणि दुकानातलं सगळ्यात दणकट, नुसतं दाबलं की खटकन लागणारं कुलूप घेऊन आले. दोन किल्ल्या एके ठिकाणी ठेवू नका, हा त्यांचा गिऱ्हाइकांना नेहमीचा उपदेश. म्हणून एक दुकानात ठेवली, एक खिशात. निघताना नवी पँट चढवली, जुनी बॅगेत कोंबली आणि ऐटीत कुलूप दाबलं.

विमानाला तासभर असताना काका-काकूंना तपासणीच्या खोलीतून बोलावणं आलं.

"बॅगेत पॉवर बँक दिसतेय. काढा, नाहीतर बॅग इथेच राहील," तपासणीवाल्या मॅडम म्हणाल्या.

काकूंचा चेहरा उतरला. लेकीचे दिवस भरत आले होते आणि दोन महिने खपून शिवलेली झबली त्याच बॅगेत होती. काकांनी खिसा चाचपला, मग दुसरा चाचपला. मग त्यांना बॅगेत कोंबलेली जुनी पँट आठवली.

"किल्ली कुठंय?" काकूंनी विचारलं.

"सुरक्षित आहे."

"म्हणजे कुठे?"

"आतच."

"धन्य आहे तुमची!"

काकांनी काकूंच्या केसातली पिन मागून घेतली आणि कुलपाशी झटापट सुरू केली. घाम फुटला, पिन वाकली, कुलूप ढिम्म हललं नाही. आणि खरं सांगायचं तर, एवढ्या गडबडीतही काकांना मनातून अभिमानच वाटला. "बघितलंस? माल कसाय!"

"मालाचं कौतुक दुकानात करा! इथे माझी झबली अडकलीत."

मॅडमनी खिशातलं बॉलपेन काढलं, चेनीच्या दातांत खुपसलं आणि सरकन ओढलं. बॅग उघडली. पॉवर बँक बाहेर आली. मग लटकत्या कुलपासकट चेन इकडून तिकडे फिरवली. बॅग पहिल्यासारखी बंद. अर्धं मिनिटही लागलं नाही. बॅग पट्ट्यावरून आत निघूनही गेली.

काका अजून त्या पेनाकडेच बघत होते. तीस वर्षं छातीठोकपणे बोललेलं सगळं त्यांना एकदम आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चला आता," काकू म्हणाल्या. "किल्ली घेतलीत ना बाहेर?"

काका दोन पावलं मागे जाऊन अगदी हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, तेवढं पेन मिळेल का?"