खरातबाईंची लेक

खरातबाई ट्रकला हात दाखवत नसत. त्या छत्री आडवी धरून सरळ रस्त्यात उभ्या राहत, आणि ट्रक करकचून थांबला की ड्रायव्हरलाच विचारत, "काय हो, माणूस दिसत न्हाई का?"

हा प्रकार मी पहिल्यांदा शहागडला पाहिला. सत्तरच्या दशकाची मधली वर्षं. जालना अजून जिल्हा व्हायचा होता आणि मी टेंभुर्णीच्या शाळेत नुकताच मास्तर म्हणून चिकटलो होतो. कसल्याशा शिबिरासाठी आम्ही शिक्षक गोदावरीकाठी शहागडला गेलो होतो. परतताना बस बिघडली. आम्ही पुरुष मंडळी कंडक्टरभोवती कोंडाळं करून वाद घालत बसलो, तोवर बाई कांद्याच्या ट्रकमध्ये चढून मोकळ्या झाल्या होत्या.

"चढा जल्दी," त्या वरून ओरडल्या. "बिलकुल भ्यायचं न्हाई."

आम्ही कांद्यांवर, बाई केबिनमध्ये. जालन्याला उतरलो तेव्हा ड्रायव्हर मला बाजूला घेऊन केविलवाण्या आवाजात म्हणाला, "मास्तर, बाईनं हॉर्न नाही वाजवू दिला हो. म्हणे, बैलं बुजतात."

बाई पन्नाशीला टेकलेल्या. ठेंगण्या, रुंद, आवाज घंटेसारखा. तरुणपणी लग्न झालं होतं, पण नवऱ्यानं नांदवलं नाही. मग त्या शिकल्या, मास्तरीण झाल्या, पाठच्या दोन भावांना शिकवलं. भाऊ नोकरीला लागून लांबच्या शहरात गेले ते तिकडचेच झाले. बाईंच्या शेजारची खोली मी भाड्यानं घेतली होती. मधली भिंत इतकी पातळ, की पलीकडं भाकरी थापल्याचा आवाज आला की मी ताट घेऊन दारात हजर.

वर्षभर बाई चौथीच्या वर्गाला शिकवत. उन्हाळ्याची सुट्टी लागली की मात्र त्यांच्या अंगात काहीतरी संचारे. तंबूच्या जाड कापडाची, दोन पट्ट्यांची एक पाठपिशवी त्यांनी गावच्या शिंप्याकडून शिवून घेतली होती. तीत सतरंजी, तांब्या, एक जादा लुगडं, वाळवलेल्या भाकरीचे तुकडे आणि शेंगदाण्याची चटणी. नऊवारीवर कवायतीचे पांढरे बूट. असा सगळा जामानिमा करून बाई भर उन्हात रस्त्याला लागत. कधी किनवटच्या जंगलात, कधी तोरणमाळला. बस जाईल तिथवर बस, मग ट्रक, मग बैलगाडी, आणि सगळे रस्ते संपले की पायी. एकट्या.

हेडमास्तरांना हे आवडत नसे. "बाई, एकट्या बाईमाणसानं असं हिंडणं बरं दिसत नाही."

"मंग तुमी बघू नका," बाई म्हणत.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी चौथीच्या वर्गाला विचारलं, सातपुड्यात काय काय आढळतं? एक पोरगी ताडकन उठली. "अस्वलं, मोहाची फुलं आणि बाईंचा डावा बूट, साहेब!" तो बूट तोरणमाळच्या चढावर वळवाच्या चिखलात राहिला होता. उजवा बाईंनी वर्गाच्या कपाटात ठेवला होता, आणि सातपुडा शिकवताना त्या तो बाहेर काढत.

तर एका वर्षी बाई पुन्हा मेळघाटात गेल्या. "आकोटच्या वरच्या डोंगरात कोरकू लोकांच्या वस्त्या हायेत. दरसाल जावं वाटतं असा मुलूख," एवढंच सांगून गेल्या. जून उजाडला, शाळा उघडली, आणि बाई आल्याच नाहीत. असं कधी झालं नव्हतं. आठवडा गेला. चौथीचा वर्ग आधी खूश होता, मग गप्प झाला. हेडमास्तर एरवी बाईंवर चिडलेले असत, ते आता दर बसला रस्त्यावर जाऊन उभे राहू लागले. शेवटी मला म्हणाले, "तुम्ही तरणे आहात. बघून या. काही झालं असलं तर..."

मी निघालो. देऊळगाव राजा, चिखली, खामगाव. छत्री आणि पाठपिशवी एवढी खूण पुरेशी होती. आकोटच्या स्टँडवरचा चहावाला तर एकदम खुलला. "लेकीच्या बाळंतपणाला चाललेली बाई ना? काय झालं हो लेकीला?"

मी म्हणालो, "लेक? त्यांना मूलबाळ नाही."

"असं कसं? सुमन नाव तिचं. जावई जंगलखात्यात आहे."

वेगळीच बाई असेल असं समजून मी पुढं निघालो. डोंगरात जाणाऱ्या बांबूच्या ट्रकवर जागा मिळाली. ड्रायव्हरही बाईंना ओळखत होता. "हर साल जाती है. बेटी का नाम कमल है. दामाद कंपाउंडर. इस बार लडका हुआ क्या?"

मी म्हणालो, "बघायलाच चाललोय."

ट्रकनं सोडल्यावर पुढची वाट पायी होती. वाटेत ज्या वस्तीवर पाणी मागितलं तिथं बाईंच्या लेकीची चौकशी झाली. कुठं ती सुमन होती, कुठं कमल, कुठं शांता. जावई कुठं गार्ड, कुठं मास्तर. एका म्हाताऱ्यानं तर मला निरखून पाहिलं आणि "जावई का?" असं विचारलं. बाईंच्या लेकी आणि जावई बोटांवर मोजत मी डोंगर चढत होतो.

उतारावरच्या शेवटच्या वस्तीत एका कुडाच्या घरापुढं बाई चुलीवर भाकरी थापत होत्या. धडधाकट. मला बघून जराही दचकल्या नाहीत. "आलात? हात धुवा. बसा."

"बाई! तिकडं सगळ्यांचा जीव टांगणीला लागलाय!"

"लागंल की. पण हिला टाकून कसं येऊ?"

आत बाजेवर एक म्हातारी पडली होती. फुलाय तिचं नाव. पाय सुजून टम्म झालेला, त्यावर पाला बांधलेला. घरात ती आणि तिचा मुलगा. मुलगा बांबू तोडायला दूरच्या कूपावर, जंगलखात्याच्या तोडीवर गेलेला. मला बघून ती बाईंकडं बोट दाखवत खुदकन हसली. "झूठी बाई!"

मग बाईंनी भाकरी उलटत उलटत सांगितलं. "एकटी बाई रस्त्यात दिसली की दुनिया इचारती, कुठं चालली? फिरायला चालले म्हणलं की लोक दार लावून घेतेत. देवाला चालले म्हणावं, तर देव आमी छप्पन सालीच, दीक्षा घेतली तवाच सोडले. खोटं बोलायचं तरी आपल्याला शोभंल असं बोलावं. मंग लेकीच्या बाळंतपणाला चालले म्हणायला लागले. लगेच घरात घेतेत. ज्वारी बांधून देतेत, ट्रकात पुढं बसवतेत. बराबर कामाला येतं."

"आणि नावं निरनिराळी का?"

"ध्यानात कुठं राहतेत, मास्तर!"

फुलायकडं बाई तीन-चार उन्हाळे मुक्काम करून गेल्या होत्या. दरवर्षी लेक पलीकडच्या गावात असल्याचं सांगून सकाळी निघायच्या. या वर्षी फुलायनं तान्ह्या बाळासाठी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून ठेवली होती, आणि ती हातानं द्यायला बाईंबरोबर निघाली. बाई नको नको म्हणाल्या. ती ऐकेना. पलीकडचं गाव आलं, तेव्हा बाई म्हणाल्या, लेक याच्या पुढच्या गावात आहे. ते आलं, तेव्हा आणखी पुढच्या. दोघी म्हाताऱ्या उन्हात डोंगर तुडवत राहिल्या. एका नाल्यात दगडावरून फुलायचा पाय सटकला आणि ती खाली बसली. तशातही गोधडी वर धरून म्हणाली, मी राहते इथं, तू हे पोरीला नेऊन दे.

"तवा मला राहवलं न्हाई," बाई म्हणाल्या. "तिथंच नाल्यात बसून सांगितलं, लेक न्हाई म्हणून. कुठंच न्हाई. मला वाटलं, दगड उचलून घालती आता. तर पोट धरून हसली. मंग हसायची थांबली, आन् माझ्या तोंडावरून हात फिरवला."

तिला आधार देत, थोडं पाठीवर घेत, बाईंनी घरी आणलं होतं. तेव्हापासून पाणी, चूल, शेळ्या, सगळं त्याच बघत होत्या.

मुलगा परत येईपर्यंत बाई हलल्या नाहीत. खाली जाणाऱ्या बांबूच्या ट्रकबरोबर हेडमास्तरांना चिठ्ठी धाडून मीही थांबलो. बाईंचा हुकूम असल्यामुळं शेळ्या माझ्याकडं आल्या. त्या माझं ऐकत नसत हे बघून फुलायला जे हसू येई, त्यानंच तिचा पाय लवकर बरा झाला असं बाईंचं मत. दुपारी दोघी अंगणात बसत. एक कोरकूत बोले, एक आमच्या जालन्याकडच्या मराठीत, आणि तासन्‌तास त्यांचं काही अडत नसे.

मुलगा आल्यावर आम्ही निघालो. फुलाय काठी टेकत दारापर्यंत आली आणि बाईंना काहीतरी म्हणाली. मुलानं मला हिंदीत सांगितलं, "बोलती है, अगले साल बेटी को मत लाना. खुद आना."

उतार लागला. टेंभुर्णीत बाईंची बडबड थांबवायला शाळेची घंटा लागायची, पण इथं नुसते बूट सपासप पडत होते. वाटेतल्या एका वळणावर त्या मधेच बोलल्या, जणू मी काही विचारलं होतं.

"मास्तर, खोटं बोलायचं म्हणून बोलायची. पण दोनेक साल झाल्यावर काय व्हायचं, दिवसभर रमतगमत चालायची आन् दिवस कलायला लागला की पाय आपसूक उचलायचे. भराभर. जसं खरंच कुणी तरी दारात उभं राहून वाट बघून राह्यलंय. मंग गाव यायचं. कुणीच नसायचं."

मी मागं वळून पाहिलं. वर, कुडाला धरून फुलाय अजून उभी होती.

"बाई," मी म्हणालो, "ती अजून उभी आहे."

"माहीत हाय," बाई म्हणाल्या. वळल्या मात्र नाहीत. पदरानं तोंड पुसलं आणि ट्रकच्या रस्त्याकडं चालत राहिल्या. सावकाश.