बबनभाऊंच्या गाडीचा एसी

आमच्या शेजारचे बबनभाऊ दाढीचा ब्रश दाढीसाठी वापरत नाहीत. दाढी न्हाव्याकडे. ब्रश आणि साबणाची वाटी असते ती गळती शोधायला. जिथे गॅस, हवा किंवा पाणी निसटत असल्याचा संशय येईल, तिथे ते फेस फासतात आणि डोळे बारीक करून बुडबुड्याची वाट बघत बसतात. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी आचाऱ्याच्या सगळ्या सिलिंडरांना फेस फासला. आचारी भांडायला उठला, तर म्हणाले, "बाप्पा, माणूस खोटं बोलते, फेस नाही बोलत."

शिरपूरच्या नळयोजनेवर जन्म घालवलेला माणूस, तेव्हा हे एक वेळ समजू शकतं. पण दुसरं खूळ ओरिजनल पार्टचं. कुकरची शिटी घ्यायला वाशिमला जातील, दुकानदाराला दहा डबे उघडायला लावतील, आणि "सगळा डुप्लिकेट माल" म्हणून हात हलवत परत येतील.

अशा माणसाच्या जुन्या गाडीचा एसी गळायला लागला, तोही ऐन मे महिन्यात. एरवी आम्ही गंमत बघितली असती. पण कमलवहिनींना कॅन्सर होता आणि इंजेक्शनांसाठी अकोल्याच्या फेऱ्या चालू होत्या. परतताना उघड्या काचांतून भट्टीसारखा वारा यायचा आणि वहिनी पातूरपासून घरापर्यंत ओकत यायच्या. भाऊंना एवढंच हवं होतं की बायकोला गाडीत गार वाटावं.

आमच्या वाशिमकडच्या मालेगावचा सलीम मिस्त्री पहिल्याच दिवशी म्हणाला, "चाचा, आतली कूलिंग कॉइल गेली. डॅशबोर्ड खोलावा लागन."

"तिथं फेस आला काय?"

"डॅशबोर्डच्या आत ब्रश कसा घालता तुमी?"

"मंग तुले कायचं समजलं?"

झालं. भाऊंनी बॉनेट उघडून स्वतः फेस फासला. एका सांध्यावर बुडबुडा आला, तिथलं वायसर बदललं. भरलेला गॅस आठवड्यात उडाला. मग पाईप बदलला. मग कंडेन्सर. प्रत्येक पार्ट डोळ्यांजवळ नेऊन, नखाने खरवडून, वास घेऊन पारखलेला. दर वेळी सलीम कपाळाला हात लावायचा, आणि दर वेळी वहिनी ओल्या टॉवेलात डोकं गुंडाळून घरी यायच्या. मला भाऊंचा संताप यायचा. एकदा मी म्हणालोच, "भाऊ, वहिनींकडे बघा जरा. बुडबुडे काय बघत बसलात?" ते वाटी धुवायला निघून गेले.

शेवटी एकदाचे कॉइलवर राजी झाले. सलीमकडे डुप्लिकेट तयार होती. भाऊंनी ती उलटसुलट करून खाली ठेवली. "अशी डुप्लिकेट नाही पाहिजे. नागपूरहून ओरिजनल बोलाव. टिकली पाहिजे बाप्पा, तिच्या लय फेऱ्या बाकी हायेत."

कॉइल यायच्या आत वहिनींना अकोल्यात भरती करावं लागलं. एके सकाळी दवाखान्यातून त्यांच्या मुलीचा फोन आला. डॉक्टर म्हणतात, आता इथे करण्यासारखं काही नाही, आईला घरी न्या. भाऊंनी गाडी काढली. मी न विचारता शेजारी बसलो.

वाटेत मालेगावला थांबलो. सलीम हसत खोकं घेऊन आला. "आली चाचा तुमची ओरिजनल! उद्या संध्याकाळपर्यंत बसवून देतो."

भाऊंनी खोक्याला हातही लावला नाही. "ते राहू दे. गॅस भरून दे."

"अन् मंग? चार दिवसात उडून जाते तो."

"अकोल्याहून शिरपूरले किती टाइम लागते?"

"दोन घंटे."

"मंग भर."

सलीमने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. तो कामाला लागला.

परतताना काचा बंद होत्या. मागे वहिनी मुलीच्या मांडीवर डोकं ठेवून पडल्या होत्या. पातूर मागे पडलं तरी त्यांना उलटी झाली नाही. मेडशीच्या अलीकडे त्या हळूच म्हणाल्या, "अवं, थंडी वाजून राह्यली."

भाऊंनी गाडी कडेला घेतली. अंगातला शर्ट काढून त्यांच्यावर पांघरला आणि बनियनवरच पुन्हा स्टिअरिंगवर बसले. काहीतरी करायचं म्हणून मी एसीच्या बटनाकडे हात नेला. "कमी करू का, भाऊ?"

त्यांनी माझा हात बाजूला केला.

"नका करू मास्तर. वाजू द्या तिले थंडी. लय उन्हातून नेलं मी तिले."