खंडोजीअण्णांचा टेलिव्हिजन

खंडोजीअण्णा दर सोमवारी संध्याकाळी सात वाजता आपल्या व्हरांड्यात एका खोक्यात डोकं घालून बसत. खोकं चहाच्या पेटीचं. ते टेबलावर ठेवलेलं, मागची फळी काढलेली, पुढे चौकोनी खिडकी कापलेली, खिडकीखाली बाटल्यांची दोन बुचं ठोकलेली आणि आत एक दिवा. अण्णा मागे स्टुलावर. आपल्याला दिसायचं ते फक्त त्यांचं डोकं आणि खांदे. हात बाहेर काढून त्यांनी डावं बूच फिरवलं की कार्यक्रम सुरू, उजवं फिरवलं की बंद. या प्रकाराला ते टेलिव्हिजन म्हणत.

साठच्या आसपासची गोष्ट. खरा टेलिव्हिजन आमच्या बंगळुरात कुणी पाहिला नव्हता. अण्णांनीही नाही. एका इंग्रजी साप्ताहिकात त्यांनी त्याचं चित्र तेवढं पाहिलं होतं, आणि पेटीत बसून माणूस बोलतो एवढ्यावरून बाकीचं सगळं स्वतःच ठरवून टाकलं होतं.

मी बेळगावची. लग्न होऊन राजाजीनगरात आले, आणि शेजार मिळाला तो हा. अण्णांची माणसं बंगळुरात तीनशे वर्षांपासूनची, त्यामुळे त्यांची मराठी निम्मी कानडीत बुडालेली. पहिल्या भेटीत त्यांनी माझं नाव विचारलं नाही. माझा चेहरा एकदा डावीकडून पाहिला, एकदा उजवीकडून पाहिला आणि म्हणाले, "कपाळ सरी आहे, ठीक आहे. नाकाला स्वल्प सावली पाहिजे." मला असा संताप आला म्हणता! तरातरा घरी आले आणि आरशात पाहिलं. नाकाला खरंच सावली हवी होती.

मग कळलं, हा त्यांचा धंदाच. एका कानडी नाटक कंपनीत ते नटांना रंगवायचे. सफेदा, पिवडी, हिंगूळ, काय काय रंगांचे डबे होते त्यांच्याकडे. सोमवारी कंपनीला सुट्टी, म्हणून टेलिव्हिजन सोमवारी.

कंपनीत राजाची कामं करणारा एक नट होता. त्याच्या गोऱ्यापान रूपावर अख्खं शहर खुळावलेलं. मीही त्याला पाहायला दोन तास रांगेत उभी राहिले होते, खोटं कशाला बोलू? एका सकाळी मी दारात कोळशेवाल्याची वाट पाहत होते, तर एक काळासावळा माणूस फाटकाशी येऊन काहीतरी विचारू लागला. मी त्याला म्हटलं, मागल्या दारी टाक, आणि मागच्यासारखा ओला आणू नकोस. तो बिचारा हसला आणि अण्णांच्या घरात शिरला. तो राजा होता. न रंगवलेला.

पुढच्याच सोमवारी टेलिव्हिजनवर कार्यक्रम लागला. एका प्रसिद्ध नटाचा गोरेपणा धोब्याकडून हरवतो. अण्णाच बातमीदार, अण्णाच पोलीस, अण्णाच धोबी. धोबी म्हणतो, मी इस्त्री करून ठेवला होता हो, पण एक म्हैस आली आणि अंगावर घालून गेली. मग त्या म्हशीला हार पडतात. तिच्या हस्ते शाळेचं उद्घाटन होतं. तिची सही घ्यायला रांग लागते, आणि रांगेत खरा नट घुसला म्हणून लोक त्याला मागे ढकलतात. शेवटी म्हशीला उकडतं. ती तळ्यात उतरते आणि धुऊन बाहेर येते. लोक म्हणतात, ही कोण काळी म्हैस आमच्या तळ्यात? हाकला तिला!

हसून हसून आमची मुरकुंडी वळली. तेवढ्यात कार्यक्रमात एक बाई आली आणि बेळगावच्या ठसक्यात नटाला म्हणाली, "मागल्या दारी टाक." सगळी आळी माझ्याकडे वळली. मी चार दिवस अण्णांशी बोलले नाही.

पण राग ओसरल्यावर मला एका गोष्टीनं छळायला सुरुवात केली. सहा दिवस हा माणूस काळ्याला गोरं करतो, आणि सातव्या दिवशी त्याच गोरेपणाची टिंगल करतो, हे काय गौडबंगाल? मी दोन-तीनदा विचारून पाहिलं. दर वेळी ते माझ्या नाकाकडे वळायचे, आणि विषय तिथंच संपायचा.

त्यांची मुलगी शांता. चोविशीची, टायपिंगच्या दोन परीक्षा पास, जिभेला भलती धार आणि रंगानं थेट सावळ्या बापावर गेलेली. सहा स्थळं येऊन पाहून गेली होती. सहाही जणांनी घरी जाऊन पत्र टाकतो म्हटलं आणि टाकलं नाही. शांताची आई तुळजाक्का माझ्यापाशी येऊन डोळ्यांना पदर लावायची. जगाला गोरं करतो हा माणूस, म्हणायची, आणि पोटच्या पोरीच्या गालाला बोट लावायला तयार नाही. मी अण्णांना चांगलं सुनावलंसुद्धा. ते ऐकून घेत आणि रंगांचे डबे पुसत बसत.

सातवं स्थळ सोमवारी दुपारी आलं. पाच माणसं बाहेर बसली. हे मोडलं तर पुन्हा कुणाला बोलवायचं नाही, असं शांता आदल्या दिवशीच आईला म्हणाली होती. म्हणून तुळजाक्कानं मला मागल्या दारानं आत घेतलं. मी माझा स्नो आणि पावडर घेऊन गेले होते. शांताला स्वयंपाकघरात पाटावर बसवलं आणि मन लावून तिचा चेहरा उजळला. छान दिसत होती. तेवढ्यात अण्णा पाणी न्यायला आत आले.

 त्यांनी पंचा भिजवला, पोरीसमोर उकिडवे बसले आणि तिचं तोंड पुसायला लागले. कपाळ, गाल, हनुवटी.  मी रागानं म्हटलं, अण्णा, तिच्या जन्माचा प्रश्न आहे.

"म्हणूनच, ताई," ते म्हणाले. "मी पहिलं तोंड रंगवलं ते माझ्या धाकट्या बहिणीचं. बघायला आले होते. असं रंगवलं की बैठकीतच होकार. लग्नातही मीच रंगवलं. दुसऱ्या दिवशी तिनं तोंड धुतलं." पंचा पिळून त्यांनी परत घडी घातली. "सात वर्षं जगली त्या घरात. नावानं कुणी हाक मारली नाही तिला. खोटी म्हणायचे. ए खोटे, पाणी आण."

तुळजाक्का उप्पिटाची ताटली हातात धरून तशीच उभी राहिली. तिलाही हे ठाऊक नव्हतं. मला माझ्या पावडरीच्या डब्याची लाज वाटली.

शांता ओल्या चेहऱ्यानंच बाहेर गेली. त्यांनी तिला पाहिलं, उप्पिट आणि केसरीबात, म्हणजे आपला शिरा, खाल्ला, आपसांत कुजबुजले. निघताना मुलाची आत्या पायरीवर म्हणाली की मुलगी गुणी आहे, पण फोटोत उजळ वाटली होती. पत्राचं नावही काढलं नाही.

सात वाजता आळी नेहमीप्रमाणे सतरंजीवर येऊन बसली. त्यांना काय माहीत! अण्णा आत भिंतीकडे तोंड करून पडले होते. आज कार्यक्रम नाही हे सांगायला मी उठले, तोच खोक्यातला दिवा लागला. एक सावळा हात बाहेर आला आणि त्यानं डावं बूच फिरवलं.

"बातम्या," शांता म्हणाली. "आज राजाजीनगरात पाच परीक्षक येऊन गेले. त्यांनी केसरीबात पास केला. उप्पिट पास केलं. मुलगी नापास केली. उप्पिटातली मोहरी काळी होती, ती चालली."

क्षणभर कुणाला हसावं की नाही कळेना. मग कुणीतरी फिसकन हसलं आणि बांध फुटला.

"मुलाच्या आत्याबाईंना फोटो पसंत आहे. तरी लग्न फोटोशी लावावं, असं मुलीकडून कळवण्यात येतं. फोटोला स्वयंपाक येत नाही. हवामान स्वच्छ आहे."

अण्णा कधी बाहेर आले मला कळलंच नाही. ते माझ्या शेजारी सतरंजीवर टेकले. इतक्या सोमवारांत हा माणूस कधी या बाजूला बसलेला मी पाहिला नव्हता. आळी खिदळत होती, अण्णा मात्र हसत नव्हते. लेकीच्या तोंडाकडे एकटक पाहत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

मी त्यांच्याकडे झुकले. म्हटलं, अण्णा, तुमच्यापेक्षा सरस निघाली की हो पोर.

"माझी बहीण अशीच बोलायची," ते हळूच म्हणाले. "घर हसवायची. बघायला आले त्या दिवशी मीच तिला सांगितलं, तोंड उघडू नको, रंग तडकेल."

मागं कुणीतरी शेजारणीला काहीतरी सांगायला लागलं. अण्णांनी वळून त्यांना गप्प केलं आणि पुन्हा पुढे पाहू लागले. शांता बोलत होती.