शंभरात एकशे सोळा

“हिशेब असा केलाय मंजुळा, की साहेब नुसता बघत राहील!”

कमलाकांतनं अर्जावरची शाई फुंकून वाळवली आणि खुर्चीत मागे रेलला. मंजुळेनं कौतुकानं मान डोलावली. नवऱ्याचं अक्षर बघूनच तिचं पोट भरायचं.

माणूस हुशार होता, यात वादच नाही. नाक तर असं, की बंद बाटलीचं बूच हुंगून आतलं एसेन्स अननसाचं की रासबेरीचं, ताजं की गेल्या उन्हाळ्यातलं, हे बिनचूक सांगायचा. या नाकावर त्यानं मुंबईच्या एका एसेन्सच्या कारखान्यात बारा वर्षं नोकरी केली. तिथला मालक म्हणायचा, “कमलाकांत, तू नुसतं हुंगत जा. विचार करायला मी आहे.” एके दिवशी कमलाकांतनं विचार केला आणि नोकरी सोडली!

उमरोळीला घरामागचा रिकामा गोठा त्यानं चुन्यानं रंगवला, फळ्या ठोकल्या, बाटल्या मांडल्या आणि दारावर पाटी लावली. मुहूर्तही नामी साधला होता. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं. बोईसरला देशभरातले कामगार उतरले होते, आणि घामाघूम माणसाला रंगीत सरबत लागतं, आइसफ्रूट लागतं. त्या सगळ्याला वास कुठून यायचा? कमलाकांतच्या गोठ्यातून!

अडचण एकच होती. एसेन्समधला अर्क पाण्यात विरघळत नाही, त्याला स्पिरिट लागतं. आणि ते दिवस कडक दारूबंदीचे. खोकल्याच्या औषधाकडेसुद्धा पोलीस संशयानं बघायचे! त्यामुळे प्रत्येक एसेन्सची कृती आणि त्यात अल्कोहोल किती टक्के, हे लिहून खात्याकडून मंजूर करून घ्यावं लागे. एसेन्स पिण्याजोगं निघालं तर परवाना विसरायचा. मग गोठ्याला सील, आणि पुन्हा त्याच मालकापुढे नाक घेऊन उभं राहायचं. या विचारानं कमलाकांतला रात्री घाम फुटायचा.

म्हणून हिशेब त्यानं डोळ्यांत तेल घालून केला होता. शंभर भाग अननस एसेन्समध्ये सत्तर भाग स्पिरिट, बाकी अर्क, रंग आणि पाणी. स्पिरिटचा जोर पिंपावर छापलेलाच होता, एकशे सहासष्ट. सत्तर गुणिले एकशे सहासष्ट, भागिले शंभर. उत्तर आलं एकशे सोळा. गुणाकार अगदी बरोबर होता. तीन वेळा ताळा करून पाहिला होता. गुणाकाराकडे बघताना बाकी कुठे बघायचं राहून गेलं, इतकंच! वळणदार अक्षरात त्यानं लिहिलं, ‘अल्कोहोल : एकशे सोळा टक्के’, आणि अर्ज पोस्टात टाकला.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावरच्या दांडी गावची हिरा कोळीण मासळीची टोपली घेऊन दारात आली. मंजुळेच्या पोटात अभिमान मावत नव्हता.

“हिरा, ह्यांच्या एसेन्समध्ये अल्कोहोल किती निघालं, ठाऊक आहे? एकशे सोळा टक्के!”

“आल्कोल म्हंजे काय गो, बाय?”

“म्हणजे तसं बघितलं तर... दारूच.”

हिराच्या हातातली मांदेली हातातच राहिली. “शंबरातली एकशे सोळा?”

“हो तर! पण पिण्याचं नाही हं ते!”

हे शेवटचं वाक्य हिरापर्यंत पोचलंच नाही. तोवर टोपली डोक्यावर गेली होती आणि हिरा फाटकाबाहेर.

तिचा नवरा जानू दांडीतला नावाजलेला खलाशी. वादळातसुद्धा होडी सरळ आणायचा. जमिनीवर मात्र त्याला सरळ चालताना कुणी फारसं पाहिलं नव्हतं. त्यानं बातमी ऐकली आणि जाळं विणता विणता हात जोडले. “दारूबंदी आली तवापासून निम्मा पानीच पितो आमी! आन या मानसानी शंबराचे वर नेली! देवमानूस हाय!” दांडीहून बातमी बोईसरला गेली, बोईसरहून कामगारांच्या झोपड्यांत.

आठवड्याभरात एका सकाळी कमलाकांतनं गोठ्याचं दार उघडलं, तर अंगणात ही गर्दी! दांडीचे खलाशी, त्यांत जानू आणि हिराही, बोईसरचे कामगार, सगळे हात मागे बांधून अदबीनं उभे. हातांमागे बाटल्या होत्या, तांबे होते, एकाकडे तर रॉकेलचा डबा होता. ते कमलाकांतला कुठून दिसणार?

“कारखाना बघायला आलेत वाटतं!” मंजुळा हरखून म्हणाली.

कमलाकांतची छाती फुगली. “या, या! हे पिंप, हे गाळण, आणि हे माझं अननस!”

एका कामगारानं पिंपाला वाकून नमस्कार केला. “भाईसाब, एक सौ सोलहवाला यही है?”

“यही है!” कमलाकांत अभिमानानं म्हणाला.

तेवढ्यात फाटकाशी खाकी टोपी दिसली. बाटल्या कुठल्या कुठे गडप झाल्या! एक लुंगीत, एक केळीच्या आळ्यात, एक कोंबड्यांच्या खुराड्यात. आत आले ते दारूबंदी खात्याचे इन्स्पेक्टर नागोराव. मूळचे परभणीकडचे, सडपातळ, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नसलेले. अर्ज वाचून ते रात्रभर तळमळले होते.

“नमस्कार साहेब!” कमलाकांत पुढे धावला. “बघा, परवाना यायच्या आधीच केवढी मागणी!”

“मागणी? कशाची?”

“एकशे सोळा टक्क्याची!”

नागोराव स्टुलावर बसले, म्हणजे बसावंच लागलं. “हे बघा, मी अकरा वर्षं या खात्यात आहे. रानातल्या हातभट्ट्या फोडल्या. टायरच्या ट्यूबमधून दारू नेणारे धरले. पण शंभराच्या वर गेलेला माणूस आज पहिल्यांदा बघतोय.” त्यांच्या आवाजात नाही म्हटलं तरी थोडा आदर होता.

कमलाकांत लाजला. “नाकाची कृपा, साहेब.”

“शंभर भागांत एकशे सोळा भाग बसवता कसे?”

“बसतात, साहेब! हिशेबच तसा आहे!”

“मग दाखवा बसवून.”

नागोरावांनी मापाचा काचेचा जार पुढे सरकवला आणि पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला. कमलाकांतनं ऐटीत ओतायला सुरुवात केली. पन्नास झाले. ऐंशी झाले. शंभरावर जार काठोकाठ भरला. कमलाकांतचा हात थांबला नाही! गडी शब्दाचा पक्का. पाणी जारावरून टेबलावर, टेबलावरून थेट नागोरावांच्या उजव्या बुटात.

“वरचे सोळा कुठे गेले?” नागोरावांनी शांतपणे विचारलं.

“तुमच्या बुटात, साहेब...”

बोलता बोलता कमलाकांतचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. तो पिंपाकडे धावला, छापलेला आकडा पुन्हा वाचला, आणि त्याच्या पुढचे बारीक शब्द पहिल्यांदाच वाचले.

“प्रूफ! साहेब, हे टक्के नाहीत, प्रूफ आहे, इंग्रजांचं जोर मोजायचं माप! शंभर प्रूफ म्हणजे निव्वळ सत्तावन्न टक्के! गाढव आहे मी, गाढव!”

दुसरा कुणी असता तर त्यानं बेड्या काढल्या असत्या. नागोरावांनी पेन्सिल काढली. ओला बूट बाजूला काढून ठेवला आणि त्या पायात ओला मोजा तसाच ठेवून ते कमलाकांतच्या शेजारी हिशेबाला बसले. “एकशे सोळाला पावणेदोननं भागा. घाई करू नका. मी आहे ना.” कमलाकांतनं भागाकार केला. उत्तर आलं, सहासष्ट आणि वर थोडं.

“आता जारात बसतंय,” नागोराव म्हणाले. कमलाकांतला त्यांचे पाय धरावेसे वाटले, पण एक ओला होता.

“राहता राहिला प्रश्न एकच,” नागोरावांची नजर अंगणाकडे वळली. “सहासष्ट टक्केसुद्धा थोडे नाहीत. हे पिण्याजोगं असेल तर परवाना देता येणार नाही. आणि ही मंडळी काय अननसाच्या वासासाठी जमलीत?”

कमलाकांतनं अंगणात नीट पाहिलं. लुंगीतून डोकावणारं बूच त्याला आता दिसलं. गोठ्याला लागलेलं सील, मुंबईचा मालक, सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं.

त्याच क्षणी फळ्यांमागून किंकाळी आली.

“मेलो! मेलो रे! हिरा, धाव!”

हिशेबाच्या गडबडीत जानू हळूच आत शिरला होता आणि तयार अननसाच्या बाटलीतून त्यानं एक सणसणीत घोट घेतला होता! डोळे बटाट्याएवढे, जीभ बाहेर, रंग पिवळाधमक! तो जो सुटला तो थेट विहिरीवर. कळशीभर पाणी प्यायला, तरी ढेकर अननसाचा! दुसरी कळशी, पुन्हा अननस!

नागोराव एका बुटावर लंगडत त्याच्यापाशी गेले. “कसं आहे?”

“सायब,” जानू कळवळून म्हणाला, “आमी काय काय नाय पिलो? पन ह्या पिन्यासारका नाय! त्यापरीस राकेल बरा!”

गर्दीतल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. जानूनं नाकारलेली दारू जगात आहे, हे कुणी स्वप्नातही पाहिलं नव्हतं.

नागोरावांनी तिथेच विहिरीच्या काठावर शेरा लिहिला, ‘सदर एसेन्स पिण्यास सर्वस्वी अयोग्य. मंजुरीस हरकत नाही.’ जानूला मात्र त्यांनी कडक दम भरला आणि लिंबाचं पाणी पाज म्हणून हिराला सांगितलं. बूट हातात घेऊन ते स्टेशनाकडे निघाले. मंजुळेनं पुढे केलेला चहासुद्धा त्यांनी घेतला नाही. “परवाना हातात पडू द्या, मग येऊन पिईन,” म्हणाले. कमलाकांत पाठमोऱ्या साहेबाकडे बघत राहिला. असा माणूस सरकारात असतो, हे त्याला कुणी सांगितलं असतं तर त्यानं मानलं नसतं.

फाटकाशी गर्दी त्याचीच वाट बघत होती.

“काय झाला, शेट?” हिरानं विचारलं.

“सहासष्ट टक्के निघालं,” कमलाकांत खाली मान घालून म्हणाला.

गर्दीत हळहळ पसरली. कुणीतरी कपाळावर हात मारला. “म्हंजे पन्नास सरकारनी कापलं!”

“अहो, कापले नाहीत! ते पन्नास कधी नव्हतेच! माझा हिशेब चुकला होता!”

“ऱ्हाऊ द्या, शेट,” जानू विहिरीवरून म्हणाला, आणि पुन्हा एक अननसाचा ढेकर दिला. “सरकारफुडं कुनाचा काय चालतो? तुमी तुमच्याकडून केला!”

एकेक जण येऊन कमलाकांतच्या खांद्यावर हात ठेवून गेला. घरात कुणी गेल्यावर ठेवतात तसा.

अंगण रिकामं झालं. कमलाकांत पायरीवर मटकन बसला. एवढी शोभा झाली. एसेन्स रॉकेलपेक्षा वाईट आहे, असा जवळजवळ सरकारी शिक्काच बसला. आता बायकोला तोंड कसं दाखवायचं? मंजुळा बाहेर आली, साहेबांसाठी केलेला चहा त्याच्या हातात दिला आणि शेजारी बसली.

“तोंड काय पाडता?” ती म्हणाली. “सहासष्ट म्हणजे फर्स्ट क्लासच की!”