ओलीचा नकाशा

गाडीतली गळती शोधणं ही अगदी क्षुल्लक गोष्ट आहे, असं मी सोमवारी सकाळी घरात जाहीर केलं. "एक तास! फार तर सव्वा. पाणी कुठून तरी येतं, कुठे तरी जातं. माणसानं डोकं शांत ठेवलं की झालं!"

बायको काकडी चिरत होती. तिनं मान वर केली नाही. "जुने कपडे घालून जा," एवढंच म्हणाली. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तिला माझा सव्वा तास चांगला ठाऊक झालाय.

आता ही गाडी आमच्या दारात आली कशी, ते सांगतो. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. पलंग, शेगडी, बेसिन, सगळं आतच. आमचं हे घर तेवीस वर्षांचं, एका निवृत्त माळ्याकडून घेतलेलं, आणि घेतलं ते आईसाठी. आई एकोणऐंशीची. तिची थोरली बहीण, म्हणजे माझी मावशी, दिवसभराच्या वाटेवर राहते. दोघी सहा वर्षं भेटलेल्या नाहीत. आईला पाठीमुळे अर्ध्या तासापेक्षा जास्त बसवत नाही, मावशीला अंगणापलीकडे चालवत नाही. फोनवर बोलावं तर दोघींनाही ऐकू कमी. दहा मिनिटं दोघी एकाच वेळी बोलतात आणि फोन ठेवल्यावर आई मला विचारते, "काय म्हणत होती रे ती?"

"एकदा तिच्याजवळ बसायचंय मला," असं आई गेल्या महिन्यात म्हणाली. आईनं आजवर माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी तिथेच ठरवलं, आई झोपून जाईल. पलंगासकट! शनिवार ठरला. तिकडे मावशीनं पडदेसुद्धा धुवायला काढले.

आणि रविवारी पाऊस पडला. सोमवारी बघतो तर पलंगाशेजारच्या भिंतीवर, खिडकीच्या बरोबर खाली, परातीएवढा ओला डाग! डॉक्टरीणबाईंनी आईची छाती तपासून ठणकावलं, "ओलीत एक तासही झोपवायचं नाही. भिंत कोरडी असेल तरच न्या."

"राहू दे रे," आई म्हणाली. "पुढच्या वर्षी जाऊ."

मावशी ब्याऐंशीची आहे. 

तर मी कामाला लागलो. मी पेशानं नकाशे काढणारा माणूस. आधी ओल मोजायचं यंत्र आणलं. त्याच्या दोन टाचण्या भिंतीला टेकवायच्या, ओल असली की ते किंचाळतं. भिंतीवर किंचाळलं. पलंगाच्या फळीवर किंचाळलं. खात्री करावी म्हणून काकडीला टोचलं, तर असं बोंबललं की शेजारीण खिडकीत आली! मग मी भिंतीवर पेन्सिलीनं चौकटी आखल्या, प्रत्येकीत आकडा लिहिला, सारख्या ओलीच्या ठिकाणांवरून वळणदार रेषा काढल्या आणि कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण काढला.

"छान आलाय," बायको म्हणाली. "पण पाणी येतंय कुठून?"

"ते नकाशा पुरा झाल्यावर कळेल."

"आणि गाडी वळवली की उत्तर कुठे जाईल?"

असल्या प्रश्नांना उत्तरं द्यायची नसतात.

मंगळवारी मी सीलंटची नळी घेऊन गाडीवर तुटून पडलो. छताचे सांधे, दाराची चौकट, दिव्यांच्या कडा, दिसेल ती फट बुजवली! खिडकीच्या चौकटीत, बाहेरून अगदी खालच्या बाजूला, चार बारीक खाचा निघाल्या. मातीनं गच्च भरलेल्या. "बघ, कारागिरांचा निष्काळजीपणा!" मी बायकोला दाखवलं. "तेवीस वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही!" आणि त्या चारही खाचांवर मी मोठ्या प्रेमानं सीलंटचा जाड थर दिला. वरून बोटही फिरवलं.

बुधवारी परीक्षा. बायको बाहेर पाइप घेऊन, मी आत दारं-खिडक्या लावून. आवाज ऐकू येणार नाही, म्हणून खुणा ठरवल्या. भिंतीवर एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे आणखी पाणी, तीन म्हणजे आणखी जोरात. खुणा अर्थात मीच ठरवल्या होत्या.

पहिली पाच मिनिटं उत्तम गेली. मग तिनं पाइप छताकडे वळवला. छतावरचं हवेचं झाकण मी आदल्या दिवशी सीलंट वाळावं म्हणून उघडलं होतं. ते उघडंच होतं! सगळं पाणी सरळ माझ्या डोक्यावर आणि तिथून गादीवर. मी दोन्ही हातांनी भिंत बडवायला लागलो.

आता ती बिचारी मोजत होती. तीन झाल्या, तिनं नळ पूर्ण सोडला. सहा झाल्या, तिनं पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला. नवव्या थापेला ती स्टुलावर चढली!

मी बाहेर आलो तेव्हा माझ्या कानांतून पाणी गळत होतं.

"एवढं जोरात कशाला हवं होतं तुम्हाला?" ती धापा टाकत म्हणाली.

मी गादी बाहेर काढली. आत जाऊन भिंतीला हात लावला, तर परातीएवढा डाग आता पलंगाएवढा झाला होता. माझा नकाशा त्यात विरघळून गेला होता. मी पायरीवर मटकन बसलो. सांगायला लाज वाटते, पण माझे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांत आईनं एक गोष्ट मागितली होती, आणि तीही मी पाण्यात घातली.

तेवढ्यात वॉकर टेकत टेकत आई आली. "सरक," म्हणाली.

"आई, आत ओल आहे. डॉक्टरीणबाईंनी..."

"झोपायला नको म्हणाल्या. हात लावायला नको नाही म्हणाल्या."

आम्ही दोघांनी धरून तिला आत घेतलं. तिनं तळहात भिंतीवर ठेवला आणि डोळे मिटले. हात सावकाश वर गेला, खाली आला, डावीकडे सरकला.

"वर कोरडं आहे. छताचं पाणी नाही हे. खिडकीत साचतंय आणि आत उतरतंय."

"आई, तुला कसं कळतं?"

"तुझी दुपटी दोन वर्षं चाचपलीत मी. झोपेतसुद्धा. कुठून भिजलंय ते हाताला कळायचं." बायकोसमोर हे सांगायची काही गरज नव्हती!

मग ती बाहेर येऊन खिडकीखाली वाकली. "इथून पाणी बाहेर पडायला वाट हवी ना? ही भोकं कोणी बुजवली?"

"माती साचली होती. म्हणजे... आधी मातीनं बुजली होती."

"आणि मग?"

"मग मी."

आईनं अंबाड्यातला आकडा काढला आणि पहिल्या खाचेतून माझं सीलंट उचकटलं. एक चिळकांडी निघाली आणि थेट माझ्या शर्टावर! दुसरी खाच, दुसरी चिळकांडी. खिडकीच्या चौकटीत साचलेलं सगळं पाणी खळखळ बाहेर आलं. आई हसायला लागली. एवढी हसली की आम्हाला तिला धरावं लागलं.

गुरुवारी मी आतली फळी उचकटून काढली. शुक्रवार संध्याकाळपर्यंत घरातले दोन्ही पंखे, शेजारणीचा एक आणि बायकोचं केस वाळवायचं यंत्र भिंतीसमोर घरघरत होतं. शनिवारी सकाळी डॉक्टरीणबाई स्वतः येऊन भिंत तपासून गेल्या. फळी बसली, गादी उन्हात खडखडीत वाळली होती, आणि आम्ही निघालो. आई खिडकीशी पडून वाटभर मला गाडी कशी चालवायची ते सांगत होती.

मावशी काठी टेकत अंगणात उभी होती. आई खाली उतरेपर्यंत तिला धीर धरवेना. "मीच येते वर," म्हणाली. आम्ही तिला उचलून आत बसवलं. दोघी पलंगावर शेजारी शेजारी बसल्या, एकमेकींचा हात धरून. फोनवर न थांबणाऱ्या त्या दोघी, आता एक शब्द बोलेनात! आम्ही दार लोटून घेतलं.

तासाभरानं मी चहा घेऊन गेलो. दोघींची तोंडं खिडकीकडे होती. कप ठेवता ठेवता सवयीनं उशीवर हात टेकवला. ओली! चांगली चिंब ओली!

मी धावत जाऊन मावशीच्या पडवीतली शिडी आणली, बायकोला धरायला लावली आणि छतावर चढलो. मावळतीचं ऊन लख्ख पडलं होतं. मी गुडघ्यांवर रांगत एकेक सांधा चाचपत होतो, तेवढ्यात खिडकीतून आईचं डोकं बाहेर आलं.

"वर काय धुमाकूळ घातलायस?"

"आई, उशी भिजलीय! कुठून तरी पाणी येतंय!"

"अरे वेड्या, आम्ही दोघी रडतोय! सहा वर्षांचं साचलंय. जरा सुखानं रडू दे की आम्हाला!"

आतून मावशीचा आवाज आला, "काय म्हणतोय गं तो?"

मी शिडीवरून उतरलो. बायको शिडी घट्ट धरून उभी होती.

"सापडली का गळती?"

"सापडली," मी म्हटलं. "दोन आहेत. बुजवू नकोस म्हणाल्या."